अच्छेराची मजुरी

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आमच्या भागात प्रत्येकाला पाठ असते, पण सांगताना जो तो वेगळ्या जागी थांबतो. काहींचे डोळे सरकारी कोठारं उघडली जातात तिथे भरून येतात. काही जण पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन बेदरला निघतो तिथे हात जोडतात. माझी आजी पावतीपाशी थांबायची. देवाने बादशहापुढे थैली रिती केली, धान्याची पै न् पै भरली, बादशहाने शिक्क्याची पावती लिहून दिली आणि ती दामाजीपंतांना गीतेच्या पोथीत सापडली. “सरकारचं देनं देवालाबी चुकलं न्हाई,” असं आजी म्हणायची आणि गोष्ट संपवायची.

आबा, म्हणजे माझे आजोबा, ती तिथे संपू देत नसत. आबा माळकरी, आषाढीची वारी पायी करणारे, पण या एका ठिकाणी त्यांचं देवाशी जमायचं नाही. “कोठारातली जवारी पिकवली कुणी? आपल्यासारख्या कुणब्यानं. सारा म्हनून नेली कुणी? बादशानं. मग ती आपुनच खाल्ली तर देवानं पैसं कशापायी भरायचं?” यावर आजी म्हणायची, “एकादशीला जाताच की, तवा त्यालाच इचारा.”

महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली ती १७६२ साली. दामाजीपंतांचा काळ त्याआधी तीनशे वर्षांचा, बहामनी सुलतानांचा. पंधराव्या शतकाच्या मध्यावर पडलेल्या त्या दुष्काळाला लोक आजही दामाजीपंतांचाच दुष्काळ म्हणतात. त्याच्याही आधी दुर्गादेवीचा दुष्काळ होऊन गेला होता आणि त्याने मुलूख ओस पाडला होता. कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, याचा हिशोब मी मांडायला जात नाही. मला त्यातली एकच बाब महत्त्वाची वाटते. दामाजीपंतांनी स्वतःच्या कणगीतलं धान्य वाटलं असतं तर तो दानधर्म झाला असता, आणि दानधर्म करणारे सावकार त्या काळीही असतीलच. त्यांनी उघडलं ते सरकारी कोठार, आणि तेही हुकुमाविना. वारकरी परंपरेने त्या अंमलदाराला संतांच्या ओळीत बसवलं. (याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून चोखोबा गेले. सरकारचं काम आणि भुकेला माणूस यांचं नातं या गावाने दोन्ही बाजूंनी पाहिलंय.)

सरकारी कोठार कुणाचं, हा आबांचा प्रश्न पोथीतून आलेला नव्हता. तो त्यांना त्यांच्या आजीकडून मिळाला होता. घरात तिला सगळे थोरली आजी म्हणत. मी तिला पाहिलं नाही. माझ्या जन्माआधी काही वर्षं ती गेली. तिचं माहेर मोहोळकडचं, इंग्रजी मुलखातलं. आमचं गाव मात्र तेव्हा सांगली संस्थानात. शके १७९८ मध्ये, धातानाम संवत्सरात, पाऊस पडला नाही तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असावी. इंग्रजी हिशोबाने ते १८७६-७७ साल.

थोरल्या आजीच्या आठवणीत दुष्काळ म्हणजे मेलेली गुरं नव्हती, की झाडपाला उकडून खाणंही नव्हतं. ते होतंच, पण त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. ती सांगायची ती मजुरी. गावाजवळच्या रस्त्यावर सरकारने काम काढलं होतं. बाप खडी फोडायचा, आई पाटी वाहायची, ही धाकट्या भावाला काखेला मारून बसायची. पौषात हुकूम आला की मजुरी उतरली. बाप्याला अच्छेर जवारीची किंमत आणि वर दोन पैसे. बाईला त्याहून कमी, पोराला त्याहूनही कमी. शिवाय गावाजवळची लहानसहान कामं बंद होणार, काम हवं असेल तर लांब मोठ्या तलावावर जायचं, रात्री तिथेच छावणीत राहायचं. “मग आमी उटून आलो,” ती म्हणायची. कुठून उठून आलो? तर कामावरून. सगळीच माणसं टोपली, कुदळी खाली ठेवून उठली आणि घरी आली.

आबांना लहानपणी हे कोडंच वाटायचं. उपाशी माणूस आहे तेवढी मजुरीही सोडून घरी कसा येईल? थोरल्या आजीचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं होतं: “अच्छेरात दिसभर दगड फोडला तरी मरायचं, न फोडला तरी मरायचं. मग निदान आपल्या उंबऱ्यात मरावं.”

पुढे कॉलेजात गेल्यावर तिच्या ‘अच्छेरा’ला इतिहासाच्या पुस्तकात माणूस भेटला. सर रिचर्ड टेंपल. या गृहस्थांची कहाणी विचित्र आहे. १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा हेच टेंपल बंगालचा कारभार पाहत होते. त्यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला, भुकेल्यांना सढळ हाताने दिला, आणि भुकेने मेलेल्यांची संख्या अगदी नगण्य राहिली. त्याबद्दल त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. झाली ती टीका, की या माणसाने सरकारचा पैसा उधळला. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ने त्यांना बोल लावले. टेंपल शिकले, पण भलताच धडा शिकले. १८७७च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने त्यांना मद्रास आणि मुंबई इलाख्यांचा दुष्काळ पाहायला धाडलं, तेव्हा ते काटकसरीचे पुतळे होऊन आले. दिवसाला एक पौंड धान्य माणसाला पुरतं, असं त्यांनी ठरवलं. पुरुषाची मजुरी म्हणजे तेवढ्या धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. एक पौंड म्हणजे आपला अच्छेर. सरकारच्याच तुरुंगात कैद्याला याहून जास्त मिळत असे. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हे आकड्यानिशी दाखवून दिलं आणि या मापाने माणसं मरतील असा इशारा दिला. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

गावाजवळची कामं बंद करून लांब पाठवण्यामागेही विचार होता. जो खरोखर उपाशी आहे तो मैलोन्‌मैल चालत येईल, घरदार सोडून छावणीत पडेल, तोडलेल्या मजुरीवर पूर्ण काम करेल. जो येणार नाही त्याला गरजच नव्हती असं समजायचं. भुकेची परीक्षा घ्यायची ही रीत. सोलापूर जिल्ह्यातला आष्टीचा तलाव, दौंड-मनमाड रेल्वेची मातीभर अशी कामं त्या काळात दुष्काळी मजुरांच्या हातून झाली. आज त्या तलावाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि बांधावरून जाताना मला पाण्याआधी ती परीक्षाच आठवते.

मजुरी उतरल्यावर जानेवारी ते मार्च या दोन महिन्यांत मुंबई इलाख्यात लाखभर माणसं काम सोडून घरी गेली. थोरल्या आजीचे आईबाप त्या लाखातले. त्यांचा पुढारी नव्हता, निशाण नव्हतं, घोषणा नव्हती. ते नुसते उठले. साहेबलोकांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला: पाहा, यांना गरज नव्हतीच.

हा अर्थ खोटा आहे असं कागदावर लिहून सरकारला सांगणारे लोक पुण्यात होते. सार्वजनिक सभेची हकिकत आपण शाळेत राजकारणाच्या धड्यात वाचतो, त्यामुळे तिचं मूळ देवळात आहे हे विसरून जातो. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या तक्रारी मांडायच्या तर लोकांच्या वतीने बोलणार कोण, तुम्हाला तो अधिकार दिला कुणी, असा प्रश्न आला. म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि मंडळींनी मुखत्यारपत्रं गोळा केली. किमान पन्नास माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणेल तो सभासद. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्यामागे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. देवाच्या उत्पन्नाचा हिशोब मागण्यापासून सुरुवात झालेली ही माणसं सहा-सात वर्षांत सरकारच्या धान्याचा हिशोब मागू लागली, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. सवय तीच होती.

१ जानेवारी १८७७ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञीपद जाहीर करण्याचा दरबार भरला. सार्वजनिक काका तिथे हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. दख्खनमध्ये त्याच आठवड्यांत माणसं गावं सोडत होती. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आपल्या माणसांकडून हकिकती मागवल्या. कुठे पीक किती बुडालं, मजुरी किती मिळते, कामं कुठे बंद केली, लोक कुठे चाललेत, हे सगळं लिहून निवेदनांवर निवेदनं मुंबई सरकारला धाडली. त्यामागे न्यायमूर्ती रानडे यांचा हात होता. रानडे प्रार्थना समाजाचे. ईश्वराची उपासना आणि दुष्काळी मजुरीचे दर हे दोन वेगळे विषय आहेत असं त्या माणसाला कधी वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्याच समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली पंढरपुरात टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम काढला होता. दुष्काळात तिथे काय झालं असेल ते सांगायला नको.

सभेच्या कागदांत आणि थोरल्या आजीच्या गोष्टीत मात्र एक फरक राहतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सभेतली माणसं जेवून लिहीत होती. त्यांच्यात इनामदार होते, वकील होते, सावकारांशी नाती असलेले होते. साऱ्याबद्दल ते जितक्या जोराने लिहीत, तितक्या जोराने व्याजाबद्दल लिहीत नसत. ही उणीव ज्यांना दिसली ते जोतीराव फुले. त्यांच्या सत्यशोधक समाजाला तेव्हा जेमतेम चार वर्षं होत होती. धर्म म्हणजे माणूस आणि निर्मिक यांच्यामधला दलाल हटवणं, असं मानणाऱ्या या मंडळींनी दुष्काळात धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि मदतीसाठी १७ मे १८७७ रोजी पत्रक काढलं.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याआधीचं, २० एप्रिलचं पत्र. सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं. जुन्नर भागातल्या दुष्काळाचं वर्णन त्यात आहेच. सावकारांच्या छळामुळे दंगे झाले, पोलीस आले, सत्यशोधकांच्या पन्नास कार्यकर्त्यांना पकडून नेलं आणि कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावणं पाठवलं. त्या गेल्या. आमच्या माणसांवर आळ घेऊन त्यांना कोंडलं का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. कलेक्टरने माणसं सोडली आणि वर ज्वारीच्या चार गाड्या पाठवून दिल्या. आश्रम काढणं, भाकरी वाटणं हे तर त्या करतच होत्या, पण त्या दिवशी त्या सरकारकडे गेल्या आणि सरकारकडून धान्य घेऊन आल्या. आबांना हे पत्र मी वाचून दाखवलं होतं. ते आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “चार गाड्या. पावती मागितली न्हाई ना कुणी?”

सगळ्या हिंदुस्थानात त्या दुष्काळाने ब्रिटिश मुलखातलीच पन्नास लाखांहून जास्त माणसं नेली, असा अंदाज आहे. १८८०च्या दुष्काळ आयोगाने अहवाल दिला आणि १८८३ साली दुष्काळ संहिता आली. मजुरी किती, काम किती अंतरावर, सारा कधी तहकूब करायचा, म्हाताऱ्यांना आणि आंधळ्या-पांगळ्यांना फुकट शिधा कसा द्यायचा, हे कागदावर आलं. कागदावर आलं की मागता येतं. १८९६-९७ला पुन्हा पाऊस गेला तेव्हा सभा टिळकांच्या हातात होती. त्यांनी संहितेतल्या तरतुदी मराठीत छापून गावोगाव पोचवल्या. सभेचे वक्ते चावडीवर, देवळाच्या पारावर लोक जमवून सांगू लागले की पीक बुडालं असेल तर सारा माफ करून मागा, तो तुमचा हक्क आहे. सरकारने मजुरीच्या दरापेक्षा याचा जास्त धसका घेतला. १८९७ साली सरकारने कळवलं की यापुढे सभेला सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकार नाही.

त्यानंतर लगेचच १८९९-१९००चा दुष्काळ आला. त्या सालची आमच्या घरातली आठवण मक्याची आहे. मका आमच्याकडे कुणी खात नसे, आणि हा तर जहाजातून आलेला. आबांचे वडील सांगत की मिशनवाल्यांच्या कामावर तो मिळायचा. मला ही बरीच वर्षं बनवाबनवी वाटायची. पण जहाज खरं होतं. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या धार्मिक पत्राने अमेरिकेत वर्गणी गोळा केली आणि मे १९००मध्ये ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून मुंबईला निघालं. वाटप मिशनऱ्यांच्या समितीने केलं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम हे या सगळ्याच्या मध्यभागी होते. मुंबईतच जन्मलेले, मराठी बोलणारे. पोटासाठी बाटले असं त्या काळात ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ती माणसंही होती, आणि मिशनचा मका खाऊन वाचलेली, न बाटलेली माणसंही होती. आमचं घर दुसऱ्यातलं. तरी पहिल्यांबद्दल वाईट बोललेलं आबांना खपत नसे. ‘क्विटो’बद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मका चर्चच्या लोकांचा होता, पण जहाजाचं भाडं अमेरिकी सरकारने भरलं होतं. एवढा मका समुद्रापार न्यायचा तर वर्गणी पुरत नाही, हे त्या पत्राच्या मालकांना ठाऊक होतं, आणि सरकारकडे मागायची त्यांना लाज वाटली नाही.

यापुढचा दुष्काळ मी स्वतः पाहिलेला. १९७२चा. शाळेत मधल्या सुट्टीत सुकडी मिळायची, वहीचा कागद फाडून त्यात घ्यायची. रेशनवर मिलो यायचा, तांबडी अमेरिकन ज्वारी. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या मंगळवेढेकरांनी मिलोला जी काही नावं ठेवली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. आई म्हणायची, ही जवारी नाही, जवारीची सावत्र बहीण आहे. थापताना भाकरी तुटायची. पण लोक खात होते आणि जगत होते. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. मोठमोठे बागायतदार आणि त्यांचे सालगडी एकाच नालाबंडिंगवर, एकाच मस्टरवर. त्या वर्षी भुकेने १८७७सारखी माणसं मेली नाहीत. याचं श्रेय पावसाला देता येत नाही, कारण पाऊस तर १८७७पेक्षा काही बरा नव्हता.

आमच्या गावाशेजारचं काम त्या उन्हाळ्यात अचानक बंद झालं. खडी संपली म्हणाले, मंजुरी संपली म्हणाले. ज्यांना काम पाहिजे त्यांनी पलीकडच्या तालुक्यातल्या पाझर तलावावर जावं, असं सांगण्यात आलं. ट्रक नव्हता. बायका तान्ही पोरं घेऊन तिथवर चालत जाणार कशा आणि संध्याकाळी परतणार कशा? तरुण पोरांनी मोर्चा काढायचं ठरवलं. आमच्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांना मोर्चा मंजूर नव्हता. घोषणा देणं माळकऱ्याला शोभत नाही म्हणाले. बराच खल झाला. शेवटी ठरलं की भजन घेऊन जायचं.

एकादशीला दिंडी निघाली, पण पंढरपूरकडे न वळता कचेरीकडे. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, आणि मागे पाट्या-कुदळी घेतलेल्या बाया. वडील मास्तर असल्यामुळे त्यांना सामील होता येत नव्हतं. ते शाळेच्या कामाचं निमित्त काढून कचेरीसमोरच्या हॉटेलात बसले. मी त्यांच्याबरोबर. दिंडीने कचेरीच्या आवारात लिंबाखाली ठाण मांडलं आणि भजन सुरू केलं. शिपाई आला, हेड क्लार्क आला. मोर्चा असता तर हाकलता आला असता, भजन कसं हाकलणार? उलट कचेरीतले दोन-तीन जण सवयीने टाळ्या देत उभे राहिले. दुपार कलल्यावर साहेब बाहेर आले. तरुण होते, नवीन असावेत. आबांनी त्यांना निवेदन दिलं आणि मग, मागितलं नसताना, थोरल्या आजीची सगळी गोष्ट ऐकवली. मजुरी उतरवली ती, लांब पाठवलं ते, सगळे उठून आले ते. साहेब म्हणाले, “आजोबा, तेव्हा इंग्रज होते.” आबा म्हणाले, “व्हय. पर मोजायची काठी त्येंनी जाताना हितंच ठिवली.”

काम पंधरवड्यात पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा लहान. का सुरू झालं यावर गावात आजही एकमत नाही. भजनी मंडळ म्हणतं पांडुरंगाने केलं. तरुणांच्या मते, जे आता सत्तरीचे आहेत, त्यांनी आमदाराला घेरलं म्हणून झालं. वडिलांचं मत होतं की खडीचा ट्रक तसाही येणारच होता. मला वाटतं तिन्हींचा थोडाथोडा हात असेल. वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेली रोजगार हमी त्या काळातच आकार घेत होती. तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. मागेल त्याला काम, आणि तेही घराजवळ, ही कल्पना कायद्यात येऊन बसली. थोरल्या आजीचे आईबाप नुसते उठून आले होते. तिच्या पणतसुनांना काम नाही मिळालं तर भत्ता मागता येऊ लागला. तो मिळायचा का, हा वेगळा लेख होईल.

हे सगळं मी पुन्हा उकरायला निमित्त झाली माझी भाची. ती न्यूजर्सीत राहते. तिथल्या देवळातर्फे दर महिन्याला गरजूंसाठी डबाबंद धान्य, डाळी, तांदूळ गोळा करून अन्नपेढीला देतात, त्या कामात ती असते. मागच्या वर्षी फोनवर म्हणाली, “मामा, आमचे डबे पुरत नाहीत. लाइन डबल झालीय.” अमेरिकेत गरिबांना किराण्यासाठी सरकार कार्डावर पैसे देतं, त्यावर २०२५ साली चार कोटींहून जास्त माणसं अवलंबून होती. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने त्यात दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलरची कपात केली. काम करत असल्याचा पुरावा देण्याची अट चौपन्नऐवजी चौसष्ट वर्षांपर्यंतच्या माणसांना लावली. महिन्याला ऐंशी तास. तासांचा कागद भरला नाही तर कार्ड बंद. भाची सांगत होती आणि मला टेंपलसाहेब दिसत होते. कागद न भरणारा भुकेला नाहीच, हे त्यांनाही पटलं असतं.

तिच्या घराजवळ एक चर्च आहे. तिथे रविवारी प्रार्थनेनंतर लोक आपापल्या खासदाराला पत्रं लिहितात, हाताने, आणि ती पत्रं दक्षिणेच्या थाळीत ठेवतात. दक्षिणेबरोबर पत्रांवरही आशीर्वाद मागितला जातो आणि मग ती टपालात पडतात. ही प्रथा ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ या संघटनेने रुजवली. आर्थर सायमन नावाच्या लुथरन पाद्रीने न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काम करताना १९७४ साली ती काढली. रोज दारात भुकेला माणूस उभा, आणि रोज भाकरी देऊनही उद्या तो परत येणारच, तेव्हा भाकरी देणाऱ्याने कायदा करणाऱ्याचंही दार वाजवावं, असा त्यांचा सरळ हिशोब. अन्नपेढ्यांचं देशव्यापी जाळंच सांगतं की आम्ही एक जेवण देतो तेव्हा सरकारी कार्ड नऊ जेवणं देतं. नवातलं एक जरी सरकारने काढून घेतलं, तर पेढ्यांनी आपलं काम दुप्पट करायचं. देऊळ असो, चर्च असो की लंगर, तेवढे डबे आणणार कुठून?

२०२५च्या ऑक्टोबरात तर तिथलं सरकारच खर्चाच्या भांडणात बंद पडलं आणि नोव्हेंबरात कार्डावर पैसे आले नाहीत. त्यावर न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात पहिलं नाव ऱ्होड आयलंड राज्यातल्या चर्चांच्या परिषदेचं होतं. राखीव निधी पडून असताना लोकांना उपाशी ठेवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि न्यायाधीशांनी पैसे द्यायचा आदेश दिला. वरच्या न्यायालयांत ओढाताण झाली, मग बंद उठला. भाचीला खटल्यापेक्षा पत्रांचं जास्त कौतुक. तिने स्वतःही लिहायला सुरुवात केली आहे. देवळातल्या काही जणांना हे राजकारण वाटतं. देवळाने डबे गोळा करावेत, खासदाराशी आपल्याला काय करायचंय, असं ते म्हणतात. तिने मला विचारलं की यांना काय सांगू. मी तिला दामाजीपंतांची गोष्ट सांगितली, आजीची नाही, आबांची.

कायदा काही पत्रांनी थांबला नाही. उलट आता त्यातलं दुसरं कलम पुढे आलंय. कार्डाचा कारभार चालवण्याचा जास्त वाटा, आणि पुढे काही ठिकाणी धान्याच्या पैशांचाही वाटा, राज्यांच्या डोक्यावर येतोय. त्यामुळे चर्चमधल्या बायांनी पाकिटांवरचा पत्ता बदलला आहे. वॉशिंग्टनऐवजी ट्रेंटन. भाची म्हणाली, ते बरंच झालं, ट्रेंटनला गाडीने तासाभरात जाता येतं, म्हणजे टपालात टाकायचीही गरज नाही, जाऊन हातात देता येतील.